टेपचं दुसरं टोक

सुरुवातीलाच सांगतो, माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. आमचं घर नागपूरचं, बौद्ध. वडील शाळेत विज्ञान शिकवायचे. मोहल्ल्यात कुणाच्या अंगात आलं की ते आम्हा भावंडांना मुद्दाम बघायला न्यायचे, आणि परत येताना हे असं का होतं ते समजावून सांगायचे. त्यामुळे आपल्या इथल्या मराठी मंडळाच्या अंकातलं हे गूढ अनुभवांचं सदर मी आजवर करमणूक म्हणून वाचत आलो. गेल्या अंकातला अनुभव वाचून मी बायकोला म्हणालो, "लोकांना झोप कमी पडते, दुसरं काय!" ती शांतपणे म्हणाली, "मग तुझं ते ओहायोचं काय होतं?"

ते फक्त तिला माहीत आहे. आता तुम्हाला सांगतो. पटलं नाही तर सोडून द्या, मला राग येणार नाही.

मी सध्या कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहतो. बाकीच्यांसारखाच रोज फ्रीवेवर तासभर घालवून ऑफिसात वायटूकेचं, म्हणजे २००० सालाच्या कंप्युटर-घोळाचं काम करतो. पण मी मूळचा आर्किटेक्ट. १९९४ मध्ये मी ओहायोतल्या एका युनिव्हर्सिटीत मास्टर्स करायला आलो. विषय होता हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशन, म्हणजे जुन्या इमारती अभ्यासायच्या, मोजायच्या, जपायच्या. आणि तिथे डिपार्टमेंटमध्ये पहिल्याच दिवशी मागून आवाज आला, "नागपूरचा का रे तू?"

त्या करुणाताई. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठ्या, पीएचडी करत होत्या. त्यांचं घर आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर, आणि भेट झाली ती ओहायोत! त्यांचे वडील गवंडी. ताई शिकत शिकत इथवर पोचलेल्या. लहानपणी सांधेतापात हृदयाची एक झडप खराब झालेली. दोन जिने चढल्या की ओठ निळसर व्हायचे. पर्समध्ये गोळ्यांची डबी असायची, आणि गोळी घेताना कुणी पाहिलं तर म्हणायच्या, "पेपरमिंट आहे. तुला नाही देणार."

त्यांच्या पीएचडीचा विषय होता इंग्लंडमधल्या एका जुन्या युनिव्हर्सिटीतलं एक कॉलेज. नाव इथे देत नाही. ते कॉलेज पाचेकशे वर्षांपूर्वी बांधलेलं... मोठा दरवाजा, मधे हिरवळीचा चौक, चारी बाजूंनी दगडी इमारती. एका बाजूला चॅपल, एका बाजूला जेवणाचा हॉल. पूर्वेच्या बाजूला वरच्या मजल्यावर एक लांबलचक गॅलरी होती, म्हणजे बाल्कनी नव्हे, लांब बंद दालन. पाऊस असला की कॉलेजचे प्रमुख तिथे येरझाऱ्या घालायचे म्हणे. अठराव्या शतकात कुणाला तरी वाटलं की ही बाजू जुनाट दिसते. ती पाडली आणि खांबांची, नव्या फॅशनची इमारत उभी केली. म्हणजे मूळ पूर्वेची बाजू आज इंग्लंडमध्ये कुठेही नाही.

पण ती अमेरिकेत आहे! निदान होती.

झालं असं की १९२० च्या सुमारास ओहायोतल्या एका छोट्या कॉलेजचा एक श्रीमंत ट्रस्टी इंग्लंडला फिरायला गेला आणि त्या कॉलेजच्या प्रेमात पडला. घरी येऊन त्यानं सांगितलं, आपल्याला हुबेहूब तसंच हवं. त्याच्या आर्किटेक्टकडे त्या इंग्लिश कॉलेजचं एक जुनं छापील चित्र होतं, वरून पक्ष्याला दिसावं तसं काढलेलं, पूर्वेची बाजू पाडायच्या आधीचं. त्यानं ते समोर ठेवलं आणि बांधलं. फक्त जागा कमी पडत होती म्हणून पूर्वेची बाजू त्यानं आखूड केली. ओहायोत तिला सगळे ईस्ट विंग म्हणायचे.

ताईंचं म्हणणं असं, की नक्कल असली तरी पाडलेल्या इमारतीचा दगडातला एवढा एकच पुरावा जगात उरलाय. तो नीट मोजून कागदावर आला पाहिजे. इंग्लंडच्या कॉलेजात पूर्वेच्या बाजूचा एखादा मापांचा नकाशा असणार, अशी त्यांना खात्री होती. त्यांनी तिथल्या दफ्तरखान्याला चार पत्रं लिहिली होती. दर वेळी उत्तर एकच: शोध घेतला, सापडला नाही. स्वतः जायचं, तर इंग्लंडच्या प्रवासाची ग्रँट दोनदा नाकारली गेली. ज्या कॉलेजवर त्यांनी सहा वर्षं घालवली ते त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. पण डोळे मिटून सांगायच्या, दरवाजातून आत शिरलं की डावीकडे किती पायऱ्या आणि चॅपलच्या भिंतीतला कुठला दगड नंतर बसवलेला आहे.

मी एकदा चिडवलं, "ताई, आपल्या गावातली एवढी देवळं, एवढे किल्ले सोडून गोऱ्यांच्या कॉलेजच्या मागे काय लागलात?"

त्या म्हणाल्या, "बाबांनी नागपुरात किती घरं बांधली, माहीत आहे तुला? एकाही घरात त्यांना पुन्हा बोलावलं नाही कुणी. तिकडंही तसंच न. प्रमुखांची नावं पाटीवर, आणि भिंत रचणारा कोण होता कुणाला माहीत नाही. निदान त्यानं रचलेली भिंत तरी मी नीट मोजते."

१९९६ च्या वसंतात बातमी आली की ओहायोचं ते कॉलेज ईस्ट विंग आतून पूर्ण पोखरून तिथे कंप्युटर लॅब करणार आहे. बाहेरच्या भिंती ठेवणार, आतलं सगळं काढणार. ताईंनी कॉलेजच्या बोर्डाला पत्र लिहिलं, दोनदा जाऊन भेटल्या. शेवटी बोर्ड एवढ्यावर तयार झालं, की जूनअखेरपर्यंत मोजमापासकट सविस्तर रिपोर्ट द्या, आम्ही वाचू आणि मग ठरवू. ताईंना ड्राइव्ह करता येत नव्हतं आणि मोजायला दोन माणसं लागतात. म्हणून मी.

जूनचा पहिला आठवडा. सुट्ट्या लागल्यामुळे कॉलेज रिकामं. आम्ही सकाळी साडेनऊला पोचलो. लख्ख ऊन, चौकात लॉनमोअर चाललेला. ईस्ट विंगला एकच जिना होता. जिन्याच्या तळाशी अर्ल भेटला, तिथली साफसफाई-देखभाल बघणारा कस्टोडियन, साठीचा उंच माणूस. त्यानं आम्हाला कुलूप उघडून दिलं आणि म्हणाला, अकराच्या सुमारास तो जिन्याला वॅक्स, म्हणजे मेणाचं पॉलिश, करायला घेणार आहे, खाली उतरायचं असेल तर त्याआधी उतरून घ्या, नाहीतर त्याला हाक मारा.

आता तिथली रचना सांगतो, कारण सगळं तिच्यावर आहे. जिना चढून गेलं की एक छोटी अंधारी लॉबी. लॉबीतून एक जाडजूड ओकचा दरवाजा गॅलरीत उघडायचा. त्याला स्प्रिंग होती, त्यामुळे तो आपोआप मिटायचा. आम्ही खाली लाकडाची पाचर मारून तो चार बोटं उघडा ठेवला होता. गॅलरी त्या दरवाजापासून सरळ दक्षिणेच्या भिंतीपर्यंत. पश्चिमेला कोरी भिंत, पूर्वेला खिडक्या.

आमची पद्धत अशी होती: ताई लॉबीत भिंतीला टेपचं शून्याचं टोक दाबून धरणार. टेप दरवाजाच्या फटीतून गॅलरीत येणार. मी रीळ घेऊन दक्षिणेच्या भिंतीपर्यंत जाणार, ते तिथे पक्कं अडकवणार आणि मग ताणलेल्या टेपच्या कडेनं चालत एकेक माप लिहिणार. मधे दरवाजा असल्यामुळे आम्ही एकमेकांना दिसत नव्हतो. ताईंना ओरडून दम लागायचा, म्हणून खूण ठरवलेली: टोक नीट धरलं की टेपला दोन हिसके.

पहिल्यांदा पश्चिमेची भिंत घेतली. दोन हिसके आले. मी मापं लिहिली. पूर्ण लांबी बासष्ट फूट दोन इंच. मग ताई दरवाजा ढकलून आत आल्या. कपाळावर घाम होता.

"तू खिडक्यांचं स्केच करून घे," त्या म्हणाल्या. "मी खाली जाऊन पाणी पिऊन येते."

"मी आणतो न ताई."

"अरे, बसून राहिले तर पाय दुखतात माझे. आणि त्या अर्लनं वॅक्स लावायच्या आत जाऊन येते."

त्या गेल्या तेव्हा अकराला पाच कमी होते. जिन्यावरून त्यांची पावलं खाली जाताना मी ऐकली. मग मी जमिनीवर बसून खिडक्यांचं स्केच केलं. टेपचं टोक लॉबीत जमिनीवर पडलेलं, रीळ माझ्याजवळ.

दहा-पंधरा मिनिटांनी टेप हलली. जमिनीवरून सरपटत वर उठली, ताणली गेली आणि दोन हिसके आले.

मी म्हणालो, "आलात? बरं वाटतंय का?"

दोन हिसके.

मला त्यात काहीही विचित्र वाटलं नाही. का वाटावं? मी उठलो, रीळ घेऊन दक्षिणेच्या भिंतीशी गेलो आणि पूर्वेची बाजू घ्यायला लागलो. खिडकीची कड, चौकटीची जाडी, खालच्या दगडाची उंची... हे काम वेळखाऊ असतं. मधे मी काहीबाही बोलतही होतो. परतताना कुठे जेवायचं, असं काहीतरी. उत्तर आलं नाही, पण ताई दम वाचवायला बोलत नसत, मला सवय होती. एकदा टेप थोडी ढिली पडली. मी म्हणालो, "ताई, घट्ट." लगेच घट्ट झाली. एकदम पक्की पकड होती. इतकी सरळ टेप ताईंनी त्याआधी कधी धरली नव्हती. तेवढं मात्र मला त्या वेळीही जाणवलं... वाटलं, पाणी प्यायल्यावर तरतरी आली वाटतं.

पाऊण तास तरी लागला असेल. मी शेवटचा आकडा लिहिला आणि म्हणालो, "झालं, सोडा."

टेप सुटली. मी टेप गुंडाळली आणि दरवाजा ढकलला.

लॉबीत कुणी नव्हतं.

खाली पाहिलं. जिना वरच्या पायरीपासून खालपर्यंत ओल्या वॅक्सनं चमकत होता. एकही ठसा नाही. तळाशी दोरी बांधलेली, आणि अर्ल बादलीवर बसून सँडविच खात होता.

मी विचारलं, "माझी मैत्रीण कुठंय?"

तो म्हणाला, "ती मघाशीच खाली आली. मी सुरू करायच्या आधी. मला वाटलं तू एकटाच काम करतोयस."

"ती परत वर आली होती."

"वर कुणी गेलं नाही, बेटा. मी इथंच आहे."

मी त्या ओल्या जिन्यावरून धावत उतरलो. घसरलो, गुडघा फुटला. जिन्यातून बाहेर पडून कमानींच्या व्हरांड्यात वळलं की कोपऱ्यात पिण्याच्या पाण्याचं फाउंटन होतं. त्याच्यापुढे, भिंतीला लागून, करुणाताई पडलेल्या होत्या. एका कुशीवर, एक हात अंगाखाली. डोळे अर्धे उघडे. ओठांच्या बाजूला उलटी सुकलेली. श्वास चालू होता, पण घरघर लागलेली. हात दगडासारखा गार. मी "ताई, ताई" करत राहिलो. अर्लनं आत जाऊन नाइन-वन-वनला फोन केला.

अँब्युलन्समधल्या माणसानं मला विचारलं, "त्यांना शेवटचं ठीकठाक कधी पाहिलंत?"

मी म्हणालो, "पाच मिनिटांपूर्वी. माझ्याबरोबर काम करत होत्या."

त्यानं तेच लिहून घेतलं. मी खोटं बोललो नव्हतो. मला खरंच तसं वाटत होतं.

हॉस्पिटलमध्ये कळलं की खराब झडपेजवळची रक्ताची गुठळी मेंदूत गेली होती. संध्याकाळी डॉक्टर बाईंनी मला बाजूला घेतलं. शांतपणे म्हणाल्या, "पाच मिनिटं नाही. अंग गार पडलंय, उलटी फुप्फुसात उतरलीय. त्या किमान तासभर तिथं पडून होत्या."

मी विचारलं, "लवकर आणलं असतं तर?"

त्यांनी हातातली फाइल मिटली. मग म्हणाल्या, "गुठळीचं सांगता येत नाही. पण फुप्फुसांचं... हो, फरक पडला असता."

मी खिडक्या मोजत होतो ना त्या वेळी. एरवी ताई दहा मिनिटांत परत आल्या नसत्या तर मी बघायला गेलोच असतो. गेलो नाही, कारण त्या दरवाजामागे आहेत हे मला माहीत होतं.

त्यानंतर ताई नऊ दिवस होत्या. शुद्धीवर आल्या नाहीत. त्यांच्या आईला व्हिसा मिळेपर्यंत उशीर होणार हे उघड होतं. भाऊ रोज फोनवर, आणि मी रोज त्याला "तसंच आहे" सांगणारा. दहाव्या दिवशी सकाळी संपलं. अंत्यविधीला आम्ही सहा जण होतो. क्लीव्हलंडहून एक मराठी काका आले होते, त्यांनी त्रिशरण-पंचशील म्हटलं. अर्ल आला होता, सूट घालून, सगळ्यात मागे उभा राहिला.

रिपोर्टची मुदत जूनअखेरची होती. तो कुणी दिला नाही. मी देऊ शकलो असतो, असं आता वाटतं. तेव्हा मला पेन्सिल हातात धरवत नव्हती. बोर्डानं काम मंजूर करून टाकलं.

इथपर्यंतच असतं तर मी स्वतःची समजूत घातली असती. टेप कशात तरी अडकली असेल, दरवाजाच्या स्प्रिंगनं हिसका बसला असेल. आमच्या गाईड बाईही हेच म्हणाल्या, की दुःखात माणसाची आठवण गडबडते, स्वतःला दोष देऊ नकोस.

पण ऑगस्टच्या शेवटी मी नोट्स काढल्या. वाटलं, निदान ड्रॉइंग तरी पूर्ण करून ताईंच्या नावानं लायब्ररीत ठेवू. ड्रॉइंग बोर्डावर कागद लावला आणि काढायला घेतलं, तर गॅलरी जुळेचना. पश्चिमेची भिंत, जी ताईंनी स्वतः धरली होती, बासष्ट फूट दोन इंच. पूर्वेची, दुसऱ्या पानावर, माझ्याच अक्षरात, एकाहत्तर फूट चार इंच.

समोरासमोरच्या दोन भिंती. एकाच खोलीच्या. नऊ फुटांचा फरक.

आणि खिडक्या. ताई पाणी प्यायला गेल्यावर मी केलेल्या स्केचमध्ये तीन आहेत. मापांच्या पानावर चार. चौथीपुढे मी लिहिलंय, "खालचा दगड डावीकडे झिजलेला, फुटका." खरं सांगतो, मला तो दगड आठवतो. मी त्यावर वही टेकवून लिहिलं होतं. हाताला खळगा लागला होता.

मी दुसऱ्याच दिवशी ड्राइव्ह करत तिथे गेलो. लॉबीत टोक धरायला अर्लला उभं केलं. त्यानं काही विचारलं नाही. पूर्वेची बाजू: बासष्ट फूट दोन इंच. खिडक्या तीन. फुटका दगड कुठेही नाही.

सप्टेंबरमध्ये डिपार्टमेंटच्या पत्त्यावर ताईंच्या नावानं इंग्लंडहून एक जाड लिफाफा आला. सेक्रेटरीनं तो माझ्याकडे दिला. आत दफ्तरखान्याचं पत्र होतं. पूर्वेच्या बाजूचा नकाशा अखेर सापडला, दुसऱ्याच कागदांच्या गठ्ठ्यात चुकून घातलेला होता, आमच्या माहितीत तो आजवर कुणी मागितला किंवा पाहिलेला नाही, उशिराबद्दल क्षमस्व. सोबत फोटोकॉपी. पाडायच्या आधी कुणीतरी मोजून काढलेला नकाशा, कोपऱ्यात कुणाचं नाव नाही. गॅलरीच्या आत बारीक अक्षरात लांबी लिहिलेली.

एकाहत्तर फूट चार इंच. पूर्वेला चार खिडक्या.

मी माझं पान शेजारी ठेवलं. पहिल्या खिडकीची कड, दुसरीची, तिसरीची, चौथीची... एकेक आकडा बघत गेलो. सगळे तेच. अर्ध्या इंचाचाही फरक नाही. मी डिपार्टमेंटच्या मेलरूममध्ये जमिनीवर बसलो. कुणीतरी विचारलं, आर यू ओके? मी म्हणालो, या, आय अ‍ॅम फाइन.

हा नकाशा ताईंनी पाहिला नव्हता, मी पाहिला नव्हता, ओहायोच्या आर्किटेक्टनंही पाहिला नव्हता. त्याच्याकडे फक्त ते वरून काढलेलं चित्र होतं, त्यात मापं नव्हती. मग ती मापं माझ्या वहीत जूनमध्ये कशी आली? मी हे गाईड बाईंना दाखवलं. त्यांनी दोन्ही कागद खूप वेळ पाहिले. मग फार सौम्यपणे विचारलं, की हे पान मी नंतर लिहिलेलं नाही ना. त्यांची चूक नाही. मीही तेच विचारलं असतं. त्यानंतर मी ते कुणाला दाखवलं नाही.

ऑक्टोबरमध्ये मी शेवटचा तिथे गेलो. काम सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात. अर्लनं कुलूप उघडून दिलं आणि तो खालीच थांबला. मी टेपचं टोक लॉबीत जमिनीवर ठेवलं, दरवाजाला पाचर मारली आणि गॅलरीत रीळ हातात धरून बसलो. सकाळी दहापासून एकपर्यंत. मला भीती वाटत नव्हती. मला फक्त विचारायचं होतं. "ताई?" म्हणालो. मग इंग्लिशमध्येही विचारलं, कोण आहे म्हणून. वेड्यासारखं वाटलं, पण विचारलं.

टेप हलली नाही. ऊन खिडक्यांमधून सरकत पलीकडे गेलं, एवढंच.

पुढच्या वर्षी तिथे लॅब झाली. गॅलरीचे चार तुकडे करून मधे पार्टिशन घातली, छत खाली आणलं. इंग्लंडमध्ये एकदा पाडलेली ती बाजू इथे दुसऱ्यांदा गेली. माझी डिग्री कशीबशी झाली, पण मला मोजायचं काम जमेना. टेप ताणली गेली की मी ती सोडून दुसऱ्या टोकाला कोण आहे ते बघायला जायचो. एका मित्रानं कॅलिफोर्नियाला बोलावलं, म्हणाला, "कोबोल शीक यार, तीन महिन्यांत जॉब." आलो. अर्लला दोन ख्रिसमस कार्डं पाठवली, उत्तर आलं नाही. ताईंचा प्रबंध अर्धाच राहिला. तो कुणी पुरा करणार नाही. नकाशा सापडलाय हे ज्याला कळायला हवं होतं असं ताईंखेरीज दुसरं माणूस मला तरी माहीत नाही.

गेल्या वर्षी डिसेंबरात नागपूरला गेलो तेव्हा ताईंच्या आईला भेटलो. मावशी आता खूप थकल्यात. त्यांनी चहा केला, मला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः समोर खाली बसल्या. बराच वेळ इकडचं तिकडचं विचारलं. मग म्हणाल्या,

"एक सांग बाबू. ती पडली तेव्हा जवळ कोणी होतं का रे?"

मी म्हणालो, "मी होतो न, मावशी. मी जवळच होतो."

"हात धरला होता का तिचा?"

"हो," मी म्हणालो.

त्यांनी डोळे पुसले आणि मान हलवली. "मग बरं झालं," म्हणाल्या. "मला वाटायचं, माझी पोरगी तिकडं गोठ्यातल्या जनावरासारखी एकटी पडून राहिली का काय."

मी चहा प्यायलो आणि निघालो. आता मावशींचा फोन आला की मी बायकोला सांगतो, मी घरी नाही म्हण.

वडिलांना मी हे सांगितलेलं नाही. ते समजावून सांगायला बसतील, आणि त्यांना जमणार नाही, ते मला बघवणार नाही. दोन्ही कागद माझ्याकडे आहेत, कुणाला पाहायचे असतील तर दाखवीन. तो पाऊण तास दरवाजामागे कोण होतं, मला माहीत नाही. ते ताईंचं अडलेलं काम पुरं करायला आलं होतं, की मला खाली जाऊ द्यायचं नाही म्हणून आलं होतं? आज तीन वर्षं रोज ड्राइव्ह करताना मी याचाच विचार करतो. ते आलं नसतं, तर मी अकरा वाजून दहा मिनिटांनी जिना उतरलो असतो.